आजाऱ्यांसाठी प्रार्थना: पलंगाशी गेल्यावर नेमकं काय करायचं?

वेंगुर्ल्याचा वारा

नमस्कार. आमच्या ख्रिस्ती मंडळीत आजाऱ्यांच्या भेटीला जाणारा गट बसवायचं ठरलं आहे. आठ माणसं आहेत, पाच बायका आणि तीन पुरुष. वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत आमची घरं विखुरलेली, एका वाडीत एक तर पुढच्या वाडीत दोन. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सगळ्यांना पाठ आहे. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे मंडळीने नेमलेल्या ज्येष्ठांना) बोलावून घ्यावं, त्यांनी तेल लावून प्रभूच्या नावाने प्रार्थना करावी, इथवर दुमत नाही. अडतं ते पलंगाशी गेल्यावर. हात कुठे ठेवायचा? किती वेळ थांबायचं? तेल कुठलं आणि किती? आणि प्रार्थना करूनही माणूस बरा झाला नाही, तर पुढच्या खेपेला त्याच घरात काय तोंडाने जायचं? ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया तपशिलात लिहा. नुसतं 'विश्वास ठेवा' एवढ्यावर गट तयार होत नाही.

जुनी वही

चांगलं काम हाती घेतलंत.

आधी फोन करा आणि वेळ घरच्यांना ठरवू दे. जाताना दोघांनी जा, फार तर तिघांनी. आठही जण एकदम गेले की घरचे खुर्च्या गोळा करत फिरतात, चहाचं आधण चढतं आणि आजारी माणूस राहतो बाजूला. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठवलं आणि आजाऱ्यांना बरं करा असं सांगितलं. ती जोडीची पद्धत आजही सोयीची आहे: एक जण प्रार्थना करतो, दुसरा आजाऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवतो. आजारी बाई असेल तर जोडीत एक तरी बाई हवीच.

पलंगाच्या कडेवर टेकू नका. गादी दबली की ऑपरेशनच्या टाक्यांना हिसका बसतो. खुर्ची ओढून डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर बसा. पहिली पाच मिनिटं फक्त ऐका. मग विचारा, "तुमच्यासाठी नेमकं काय मागू?" बार्तिमय आंधळा आहे हे सगळ्या यरीहोला दिसत होतं, तरी प्रभूने त्याला विचारलंच की मी तुझ्यासाठी काय करावं. उत्तर पुष्कळदा आपल्या अंदाजापेक्षा वेगळं निघतं. कॅन्सर झालेली बाई कॅन्सरचं नाव काढणार नाही. रात्री डोळा लागू दे म्हणेल, किंवा मुलीचं दहावीचं वर्ष नीट पार पडू दे म्हणेल. मग तेच मागायचं. आपण घरून ठरवून आणलेली प्रार्थना तिथे उरकायची नाही.

हात ठेवण्याआधी विचारा आणि 'नको' म्हटलं तर राहू द्या. खांदा किंवा तळहात ही सर्वांत बरी जागा. डोक्यावर ठेवायचा असेल तर हाताचा भार स्वतःच्या कोपरात धरा, आजाऱ्याच्या मानेवर येऊ देऊ नका. ढकलणं, हलवणं, कपाळ दाबणं बिलकूल नको. दुखऱ्या जागेवर हात ठेवायचा हट्टही नको. शतपतीचा चाकर तर प्रभूने पाहिलासुद्धा नव्हता, तो दुसऱ्या घरात बरा झाला.

प्रार्थना दोन-तीन मिनिटांची. माणसाचं नाव घ्या, दुखण्याचं नाव साध्या शब्दांत घ्या, मागायचं ते एका वाक्यात मागा. नंतर थोडा वेळ गप्प राहा. डोळे मिटण्याची सक्ती नाही, उलट उघडे असले तर कळ आलेली दिसते. शेवटी विचारा, "आता कसं वाटतंय?" मार्कच्या आठव्या अध्यायात बेथसैद्याच्या आंधळ्यावर हात ठेवून प्रभूने त्याला काही दिसतं का असं विचारलं. माणसं झाडांसारखी चालताना दिसतात, असं त्याने जसं होतं तसं सांगितलं, तेव्हा प्रभूने पुन्हा हात ठेवले. 'तसंच आहे हो' असं म्हणायची मोकळीक आजाऱ्याला हवी. ती नसेल तर तो तुमचं मन राखायला बरं वाटतंय म्हणेल आणि तुम्ही निघालात की कण्हत पडेल.

अमेरिकेत व्हिनयार्ड चर्चचे पाळक जॉन विंबर यांनी याच गोष्टींची पाच पायऱ्यांची घडी बसवली होती: विचारपूस, मुळाशी काय आहे याचा अंदाज, कशी प्रार्थना करायची याचा निर्णय, प्रत्यक्ष प्रार्थना, आणि नंतर काय करायचं ते सांगणं. गट शिकवायला ती सोपी पडते. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. तिच्यात एक वाक्य ठरलेलं ठेवा: डॉक्टरांनी सांगेपर्यंत एकही गोळी बंद करायची नाही.

नाइट ड्युटी

वरच्या शेवटच्या वाक्याला दहा वेळा अनुमोदन. मी नर्स आहे, दवाखान्याच्या बाजूने लिहिते.

सगळ्यांत आधी ऑक्सिजन. ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे मेणबत्ती, उदबत्ती, काहीही पेटवायचं नाही. मोठा सिलिंडर असो की घरी भाड्याने आणलेला कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र), नियम तोच. नळीतून निसटलेला ऑक्सिजन उशीत, पांघरुणात, केसांत मुरतो आणि एरवी विझली असती ती ठिणगी भडकते. मास्क किंवा नाकातली नळी लावलेली असेल तर तेलही नाका-ओठांपाशी नको. कपाळावर टिकलीएवढं पुरे, आणि ते पुसून घ्या. सॅनिटायझर लावल्यावर हात कोरडे होऊ द्या, त्यातला स्पिरिट पेट घेतो.

हात साबणाने २० सेकंद धुवायचे, घरात शिरल्यावर आणि निघताना, दोन्ही वेळा. स्वतःला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी फोनवर प्रार्थना करा. केमो घेतलेल्यांच्या पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वांत खाली असतात. त्या आठवड्यात भेट नको, पुढे ढकला.

आता आपल्याकडची खास चूक. कोकणात आजाऱ्याकडे जायचं म्हणजे हातात शहाळं. डायलिसिसवरच्या माणसाला शहाळं देऊ नका! त्याच्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. केळ्याचंही तेच. शिवाय त्या माणसाला दिवसभराचं पाणी मोजून दिलेलं असतं. प्रेमाने आणलेलं एक शहाळं रात्री त्याला परत दवाखान्यात नेऊ शकतं. काय आणू ते घरच्यांना विचारा. रात्रीच्या सोबतीला एखादं माणूस किंवा दवाखान्यात डबा, हे बऱ्याचदा जास्त उपयोगी असतं. सिंधुदुर्गातला गंभीर पेशंट बहुधा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नाहीतर कोल्हापूरला हलवतात. तिथे सोबत असलेला नातेवाईक दोन-दोन दिवस धड जेवत नाही.

लकवा झालेल्याला कुणी पाणीसुद्धा पाजू नये, घशाचे स्नायू ढिले असतील तर ते श्वासनळीत जातं. आणि इन्सुलिन घेणाऱ्याला उपास-प्रार्थनेत ओढू नका. साखर खाली जाऊन तो बेशुद्ध पडेल. त्याच्यासाठी उपास करायचा तर तुमच्यातल्या धडधाकट माणसांनी करा.

वॉर्डमध्ये आलात तर दहा मिनिटं खूप झाली. शेजारच्या पलंगावरचा माणूसही आजारीच आहे, त्याच्या कानावर आदळेल असा आवाज नको.

पाचूबंदर

वसईकडून, कॅथलिक बाजूने थोडं सांगतो.

आमच्याकडे आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे तेल लावण्याचा विधी, हा संस्कार आहे आणि तो फक्त धर्मगुरू किंवा बिशप देऊ शकतात. लोकांच्या मनात अजून बसलंय की फादर तेल घेऊन आले म्हणजे संपलं, म्हणून घरचे शेवटच्या तासापर्यंत बोलावत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केलं की हा केवळ मरणाच्या दारातल्यांचा संस्कार नाही, आणि १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी नवा विधी लागू केला. गंभीर आजार, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, वयामुळे आलेला फार अशक्तपणा, यांपैकी कशातही घेता येतो. बरं होऊन पुन्हा आजारी पडलं, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी खालावली, तर परत घेता येतो. माणूस बेशुद्ध असेल पण शुद्धीत असता तर त्याने मागितला असता असं वाटत असेल, तरी देतात. मरण पावलेल्याला देत नाहीत, मात्र प्राण गेला की नाही अशी शंका असेल तर देतात. तेव्हा फोन लवकर करा. माणूस शुद्धीत असला तर पापनिवेदनही करता येतं, ख्रिस्तप्रसादही (आशीर्वादित भाकर) घेता येतो.

तेल ऑलिव्हचं, नाहीतर दुसरं कुठलंही वनस्पतीजन्य. म्हणजे खोबरेल चालतं. पुण्य गुरुवारच्या सुमाराला बिशप ते वर्षभरासाठी आशीर्वादित करतात. कपाळावर आणि दोन्ही तळहातांवर लावतात. घाईच्या प्रसंगी नुसतं कपाळ पुरतं.

घरच्यांनी पलंगाजवळ छोटं टेबल मांडावं. त्यावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या (ऑक्सिजन असेल तर न पेटवता), वाटीभर पाणी, कापूस, आणि फादरांच्या बोटांचं तेल पुसायला लिंबाची फोड किंवा पावाचा तुकडा. टीव्ही बंद. कुत्रा बाहेर बांधलेला.

ख्रिस्तप्रसाद घेण्याआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्याला आणि त्याची देखभाल करणाऱ्याला लागू नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि म्हातारी माणसं सकाळच्या गोळ्या न घेता थांबून राहतात. गिळायला त्रास असेल तर अगदी लहान कण, घोटभर पाण्याबरोबर. पण आधी नर्सताईंना विचारून.

वेंगुर्ल्याचा वारा

खूप आभार. शहाळ्याचं तर आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. एक शंका. आमच्या गटात दोन कॅथलिक भगिनी सोबत येणार आहेत. त्यांनी तेल लावलं तर चालेल का? आणि आमचं तेल कुठलं घ्यावं?

पाचूबंदर

त्यांनी लावू नये. १९९७ च्या व्हॅटिकनच्या सूचनेत स्पष्ट आहे की धर्मगुरू नसलेल्यांनी आजाऱ्यांचं तेल किंवा दुसरं कुठलंही तेल लावून अभ्यंग करायचा नाही, म्हणजे संस्काराशी गोंधळ होत नाही. हात धरून प्रार्थना करणं, रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणणं, शुभवर्तमान वाचणं, हे सगळं त्यांना मोकळं आहे आणि ते काही कमी प्रतीचं काम नव्हे.

जुनी वही

आपल्या मंडळीत वडील लावतात, त्यामुळे गटात एक तरी वडील हवा. तेलाचा बाऊ करू नका. १० मिलीची गडद काचेची बाटली घ्या, एका माणसाला दोन थेंब लागतात. ऑलिव्ह असो की खोबरेल, दर दोन-तीन महिन्यांनी वास घेऊन पाहा. आपल्या दमट हवेत, त्यातून अर्धी रिकामी बाटली असेल तर, ते खवट होतं आणि मळमळणाऱ्या माणसाला तो वास सोसत नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, जानेवारीत पहाटे बाटली मुठीत धरून ऊब द्यावी लागते. कापूस तेलात भिजवून ठेवू नका, पावसाळ्यात बुरशी धरतो, वेगळाच न्या. वापरलेला कापूस घरच्यांच्या केराच्या डब्यात टाकू नका, परत आणून जाळा. सुगंधी तेल नको. उघडी जखम, टाके, पुरळ यांच्यावर तेल नको. तान्ह्या बाळाला आईच्या हातूनच. आणि तेल कुणाला 'घरी लावायला' म्हणून बाटलीत भरून देऊ नका. एकदा दिलंत की ते औषध होतं आणि खरं औषध कोपऱ्यात पडतं.

पैसे, फळं, पाकीट, काही घ्यायचं नाही. फुकट मिळालं ते फुकट द्या, हे मत्तयच्या दहाव्या अध्यायात आजाऱ्यांना बरं करण्याच्या आज्ञेला जोडूनच आलंय.

ओळीमागची ओळ

मूळ प्रश्नातला सर्वांत अवघड भाग राहिलाय: बरं झालं नाही तर?

'तुमचा विश्वास कमी पडला' हे वाक्य गटातल्या कुणाच्या तोंडून कधीही निघू नये. आजाऱ्याच्या उशाशी यापेक्षा क्रूर दुसरं काही बोलता येत नाही, आणि वचनाचा त्याला आधारही नाही. योहानाच्या पाचव्या अध्यायातला ३८ वर्षं पडून असलेला माणूस बरा झाला, तेव्हा आपल्याला कुणी बरं केलं हे त्याला माहीत नव्हतं. छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघात्याच्या बाबतीत प्रभूने चौघा उचलणाऱ्यांसकट सगळ्यांचा विश्वास पाहिला. मल्ख तर प्रभूला धरायला आलेल्यांतला, त्याचा कान बरा केला. उलट बाजूला पौल पाहा. त्याने तीनदा विनवणी केली तरी देहातला काटा निघाला नाही. पौलाचा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला पौलाने मिलेतात मागे ठेवलं. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं सांगितलं. यांतल्या कुणाला अविश्वासू म्हणायची आपली छाती आहे का?

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य विचारतात की पाप कुणाचं, याचं की आईबापांचं. प्रभू दोन्ही नाकारतो. तेव्हा 'काहीतरी केलं असेल' ही कुजबुज स्वयंपाकघरातसुद्धा नको.

मग पुढच्या खेपेला काय तोंडाने जायचं? तुम्ही बरं करण्याचं वचन दिलेलं नसेल तर तोंड लपवायचं कारण उरत नाही. मागायची आज्ञा आपल्याला आहे, निकाल जाहीर करायची नाही. 'तुम्ही बरे झालाच आहात' असं म्हणू नका. 'प्रभू, हिला बरं कर' असं मनापासून, न कचरता म्हणा. मागताना हात आखडता घेणं हीसुद्धा चूकच आहे. काही जण निराशा नको म्हणून इतकं जपून मागतात की आजाऱ्याला वाटतं, यांनी आशाच सोडली.

ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ बसले, तोवर ठीक होतं. बोलायला लागले तिथे बिघडलं.

कोर्लईकर

आमच्या भागात अजून एक अडचण येते. फिट आली, माणूस एकटाच बडबडायला लागला, की 'बाहेरचं आहे' म्हणतात. ख्रिस्ती घरंही त्याला अपवाद नाहीत. आधी भगताकडे, मग प्रार्थनेला. गटाने काय करावं?

नाइट ड्युटी

फिट आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालू नका, धरून दाबू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. मानसिक त्रासासाठी रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे.

पाचूबंदर

आमच्याकडे भूत काढण्याचा विधी बिशपांच्या खास परवानगीशिवाय कुणाही धर्मगुरूला करता येत नाही. गटाने त्या वाटेला जाऊच नये. आरडाओरडा, आजाऱ्याला प्रश्न विचारून 'तू कोण' म्हणणं, हे घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवतं. हळू आवाजात २३ वं स्तोत्र वाचा आणि डॉक्टरांकडे न्यायला गाडी बघा.

राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही ध्यानात असू द्या. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. आणि ठरावीक आजार चमत्काराने बरे होतात अशी जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच बंद आहे. 'अमुक रविवारी मधुमेह बरा होईल' असले बॅनर नकोत.

नाइट ड्युटी

सापाचा विषय निघाला म्हणून सांगते, कारण पावसाळा जवळ आलाय. फुरसं लहान असतं, दंशाची खूण बारीक दिसते आणि सुरुवातीला माणूस धड वाटतो. विष रक्त गोठू देत नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर रक्त पातळच वाहिलं तर प्रतिविष लगेच सुरू करतात. ती २० मिनिटं लवकर सुरू व्हायला हवीत. म्हणून पाय न हलवता, आवळून न बांधता, न कापता, आधी गाडी. प्रार्थना गाडीत. विंचवाचंही तसंच: घाम सुटला, हातपाय गार पडले की थांबायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला तो याच किनाऱ्यावर.

लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, लघवी कमी, असं कुणाच्या घरी दिसलं तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर.

ओळीमागची ओळ

औषध आणि प्रार्थना यांची फारकत या किनाऱ्याच्या इतिहासात बसतच नाही. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी काम केलं. रॉबर्ट गोहीन हे अशाच वैद्यकीय मिशनरी घरातले, १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मले. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि नंतर भारतातले अमेरिकेचे राजदूत. त्याच मिशनच्या डॉ. वानलेस यांनी मिरजेचं रुग्णालय उभं केलं, तिथे कोकणातून घाट चढून पेशंट जात. लूक स्वतः वैद्य होता.

वेंगुर्ल्याचा वारा

साक्षीचं काय? कुणी बरं झालं तर रविवारी सांगावं का? आणि शेजारची हिंदू घरंही बोलावतात, तिथे कसं?

जुनी वही

साक्ष घाईने नको. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. आजार गंभीर होता का, गुण अचानक, पूर्ण आणि टिकाऊ आला का, औषधाने आलेला नाही ना, हे ते वर्षानुवर्षं तपासतात. दीडशेहून जास्त वर्षांत चर्चने मान्य केलेल्या घटना सत्तरच्या थोड्याच वर आहेत. तुम्हाला तेवढं करायचं नाही, पण आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट, मधे काही महिने, आणि त्या माणसाची स्वतःची संमती, एवढं तरी बघा. दहा कुष्ठरोग्यांनाही प्रभूने याजकांना जाऊन दाखवा म्हणूनच सांगितलं होतं.

व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे फोटो, आजाराचं नाव, वॉर्डचा नंबर टाकू नका. 'एका भगिनीसाठी प्रार्थना करा' पुरतं, देवाला पत्ता ठाऊक आहे.

शेजाऱ्यांकडे बोलावलं तर अवश्य जा. दारातच सांगा की आम्ही येशूच्या नावाने प्रार्थना करतो, चालेल का? चालेल म्हटलं तर करा, नाहीतर नुसते बसा. देव्हाऱ्याबद्दल अवाक्षर नको, बदल्यात काही मागणं नको, आजारपणाच्या आडून धर्माची चर्चा नको.

एक वही ठेवा. रकाने चारच: नाव, भेटीचा दिवस, काय मागितलं, पुढची भेट कधी. निदान मात्र वहीत नको, वही कुणाच्याही हाती पडते. पुढच्या भेटीची तारीख ठरल्याशिवाय उंबरठा ओलांडू नका. पहिल्या आठवड्यात सगळा गाव येतो, तिसऱ्या महिन्यात कुणी फिरकत नाही, तेव्हा तुमचं काम सुरू होतं. डायलिसिसचे दिवस विचारून घ्या, त्या संध्याकाळी माणूस गळून गेलेला असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी जा.